पैसे घ्यायला पिन लागत नाही

दुपारची कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल. हात पापड लाटण्यात गुंतले असतील तर गुंतू देत, फक्त कान इकडे असू द्या. आज फोनवरून आणि मेलवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बोलायचं आहे. हा विषय शहरातल्या लोकांचा, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. देशात २०२४ या एका वर्षात अशा फसवणुकीत लोकांचे २२ हजार ८०० कोटींहून जास्त रुपये गेले, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं आहे. त्यात मोठ्या लोकांचे लाख आहेत, तसे आपल्यासारख्यांचे पाच-दहा हजारही आहेत. आणि आपले पाच हजार म्हणजे काय, हे आपल्यालाच माहीत.

एक प्रकार मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण तो थेट बचत गटाच्या धंद्यावर येतो.

समजा, एक गट आहे. दहा-बारा जणी वाळवणाचं काम करतात. उडदाचे पापड, कुरडया, शेवया. सचिवताईंनी मालाचे फोटो आणि फोन नंबर फेसबुकवर टाकले आहेत. प्रदर्शनात, महालक्ष्मी सरसमध्ये म्हणा, गटाची कार्डंही वाटली आहेत. यात काही चूक नाही, धंदा करायचा तर नंबर द्यावाच लागतो. एके दिवशी फोन येतो.

"मॅडम जी, नमस्ते. मैं आर्मी से बोल रहा हूँ. हमारे मेस के लिए चालीस किलो पापड चाहिए."

"भाऊ, चाळीस किलो? भाव तीनशे रुपये किलो आहे बघा."

"कोई बात नहीं मॅडम. आप माल तयार रखिए, गाडी आएगी."

इथंच कान टवकारायला हवेत. चाळीस किलो घेणारं गिऱ्हाईक आणि घासाघीस नाही? आपल्या आठवडी बाजारात पावशेर मिरची घेणारी बाईसुद्धा दोन रुपये कमी करायला लावते. नमुना मागत नाही, पापड उडदाचा की मुगाचा हेही विचारत नाही. पण त्याच वेळी व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो येतो, ओळखपत्र येतं. सातारा-कोल्हापूरकडे घरटी एक माणूस सैन्यात. वर्दी बघितली की आपला जीव भरून येतो. ते ओळखपत्र बहुतेक वेळा खऱ्याच जवानाचं असतं, त्याच्याकडूनच कधीतरी असंच लबाडीनं मिळवलेलं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

मग पैशाची बोलणी होते. तो म्हणतो, "आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे. आधी तुम्ही पाठवायचे, मग आमच्याकडून दुप्पट जमा होतात. खात्री करून घ्या, पाच रुपये टाका." ताई पाच रुपये टाकतात. दोन मिनिटांत दहा रुपये येतात. खरंच येतात! कारण ते त्यानं हातानं पाठवलेले असतात. दहा रुपयांत त्यानं तुमचा विश्वास विकत घेतला.

आता तो एक क्यूआर कोड पाठवतो. "हा स्कॅन करा, सहा हजार टाका, पिन दाबा. बारा हजार येतील." ताई पिन दाबतात. सहा हजार जातात, येत मात्र काही नाही. तो अजिबात गडबडत नाही. "सर्व्हर अटक गया मॅडम, एक बार और कीजिए, दोनों साथ में आएँगे." घाबरलेला माणूस आधी गेलेले पैसे सोडवायला बघतो. म्हणून पुन्हा सहा हजार. बारा हजारांची ऑर्डर होती, बारा हजार गेले. शिवाय त्या ऑर्डरच्या भरवशावर उडीद डाळ उधारीनं आणलेली, चार जणींनी दोन दिवस लाटणं चालवलेलं. तो पापड नंतर विकला जाईलही, पण गटाच्या बैठकीत हिशेब मांडायचा तो सचिवताईंना.

आता यातली कळीची गोष्ट. यूपीआयचा पिन म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली. ती तिजोरीतून काढायला लागते, टाकायला नाही. फोन पे असो, गुगल पे असो, भीम असो, पैसे पाठवताना पिन लागतो, ठरावीक रक्कम आपोआप कापायला संमती देताना लागतो, शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. आणि स्कॅन करणारा तो देणारा असतो. किराणा दुकानात कोड दुकानदाराचा आणि स्कॅन आपण करतो, बरोबर ना? मग गिऱ्हाईक आपण असलो तर आपण स्कॅन करायचं, विकणारे आपण असलो तर त्यानं. सैन्याला असो की शाळेला, माल विकताना आपला कोड आपण द्यायचा किंवा गटाचा खाते क्रमांक आणि आयएफएससी द्यायचा. बस्स. सैन्याची खरेदी फोनवरून क्यूआर कोड पाठवून होत नाही.

अजून एक. पैसे आले का, हे त्याच्या स्क्रीनशॉटवरून ठरवायचं नाही. स्क्रीनशॉट घरबसल्या बनवता येतो. "खात्यात रक्कम जमा" असा खोटा मेसेजही येतो. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावानं येतो, साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाही. तरी मेसेजवर विसंबूच नका, अॅप उघडून शिल्लक बघा. "ताई, चुकून तुमच्या नंबरावर दहा हजार गेले, पोराच्या दवाखान्याचे आहेत, परत पाठवा" असा रडका फोन आला तरी आधी शिल्लक बघा. पैसे खरंच आले असतील तर त्याला म्हणा, तुझ्या बँकेत अर्ज कर, मीही माझ्या बँकेला कळवते. स्वतः हातानं परत करायच्या भानगडीत पडू नका.

हे सगळं अॅप इंग्रजीत असलं की डोळे नुसते बटणावर जातात, शब्दांवर जात नाहीत. फोन पे, गुगल पे आणि भीम, तिन्हींत मराठी भाषा निवडता येते. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून आजच ती करून घ्या. पिन टाकण्याआधी रक्कम आणि समोरच्याचं नाव पडद्यावर दिसतं. ते मोठ्यानं वाचायची सवय लावा. "अमुक अमुक यांना सहा हजार रुपये" असं आपल्याच तोंडून ऐकलं की हात थांबतो.

आता मेलचं बघू. पूर्वी मेल म्हणजे साहेबांचं काम. आता उद्यम नोंदणीला, अन्न परवान्याला, प्रदर्शनाच्या अर्जाला, सगळीकडे गटाचा मेल मागतात, आणि मेल दिला की त्यावर नको ती पत्रंही येऊ लागतात. त्यातलं एक नेहमीचं: "अभिनंदन, मुद्रा योजनेत आपलं पाच लाखांचं कर्ज मंजूर झालं आहे." वर सिंहांची राजमुद्रा, खाली शिक्का आणि सही. आणि मधेच एक ओळ, की प्रक्रिया शुल्क म्हणून साडेचार हजार अमुक खात्यात भरा. मैत्रिणींनो, मुद्रा ही संस्था कुणाला थेट कर्ज देतच नाही. ती बँकांना आणि वित्तसंस्थांना पैसा पुरवते, कर्ज आपल्याला बँक देते. बँकेची पायरी न चढता, फॉर्म न भरता कर्ज मंजूर झालं, तर ते कर्ज नव्हेच. गटाचं कर्ज मिळवताना बँकसखी आणि सीआरपीताईंबरोबर आपण किती चकरा मारल्या होत्या, ते आठवून बघा म्हणजे झालं.

उद्यम नोंदणीचंही तसंच. सरकारच्या साइटवर ती फुकट होते. पण गुगलवर शोधलं की वर जाहिरातींमध्ये तशाच दिसणाऱ्या खासगी साइट येतात, तिरंगा आणि अशोकचक्रासकट, आणि हजार-दोन हजार घेतात. काही नोंदणी करूनही देतात, म्हणून फसलो हेही कळत नाही. साइट सरकारी आहे का, हे ओळखायला पत्त्याचं शेपूट बघायचं. सरकारी साइटच्या नावाचा शेवट डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट निक डॉट इन असा असतो. हे शब्द नावाच्या सुरुवातीला किंवा मधे असून चालत नाही, कारण तिथं कुणीही काहीही लिहू शकतं. रिझर्व्ह बँकेनं बँकांनाही २०२५ मध्ये आपल्या साइटचा पत्ता डॉट बँक डॉट इन असा करायला लावला, तो याचसाठी. मेल कुणाकडून आला हेही असंच बघायचं. वर "स्टेट बँक" असं नाव दिसलं तरी त्या नावावर बोट ठेवा, खाली खरा पत्ता उघडतो. तो साध्या जीमेलचा असेल, तर बँकेनं लिहिलेला नाही.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी हाच खेळ झाला. लोकांना घाई झाली, व्हॉट्सअॅपवर लिंक फिरू लागल्या, आणि त्यात खोट्या साइटही निघाल्या. आधार क्रमांक टाका, आलेला ओटीपी टाका, खात्याची माहिती भरा. महिन्याच्या दीड हजारासाठी घरच्या बाईनं सगळी कवाडं उघडून दिली. लिंकवरून जायचंच नाही. अंगणवाडीताईंना विचारा, ग्रामपंचायतीत विचारा.

आता साड्यांकडे येऊ. फोनवर सारखी जाहिरात येते: पैठणी, सहाशे रुपये, आज शेवटचा दिवस, फक्त सात शिल्लक. उद्या बघा, उद्याही सातच शिल्लक असतात. हातमागाची एक पैठणी विणायला येवल्यात, पैठणमध्ये कारागिरांचे आठवडे जातात, भरजरी असेल तर महिने. सहाशेत पैठणीचं चित्र छापलेली साडी येईल, तीही आली तर. पण किंमत कमी म्हणून सगळंच खोटं असंही नाही, यंत्रावरच्या साड्या स्वस्त मिळतात. म्हणून विकणारा कोण ते बघायचं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा साइटवर धंद्याचं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दिलेलं असलं पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. ज्या पानावर पत्ता नाही, माल परत घेण्याची अट नाही, नुसता व्हॉट्सअॅप नंबर आहे, तिथं आगाऊ पैसे टाकू नका.

मग कॅश ऑन डिलिव्हरी बरी, असं आपण म्हणतो. आजीच्या काळातली व्हीपीपी आठवते का? पोस्टमनला पैसे द्या, मग पुडकं घ्या, आणि फोडल्यावर रेडिओच्या जागी वीट. तीच वीट आता रंगीत पाकिटातून येते. न मागवलेली पाकिटंही येतात. आपण शेतावर असतो, घरी सासूबाई. दारात पोऱ्या म्हणतो, "सूनबाईंचं पार्सल आहे, चारशे नव्व्याण्णव द्या." नाव बरोबर, पत्ता बरोबर, म्हणून त्या कनवटीचे पैसे काढून देतात. घरात एकदाच ठरवून टाका: जिनं मागवलं तिला फोन केल्याशिवाय पार्सल घ्यायचं नाही. पार्सल परत पाठवणं हा आपला हक्क आहे. आणून देणाऱ्या पोरावर मात्र ओरडू नका, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. मागवलेलं पार्सल फोडताना कुणाला तरी व्हिडिओ घ्यायला सांगा, पाकिटावरचा कागद दिसेल असा. चुकीचा माल निघाला तर तोच पुरावा.

चुकीचा माल निघाला की खरा धोका सुरू होतो, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. आपण रागानं गुगलवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतो. तिथं लबाडांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. तो फारच गोड बोलतो. "पैसे लगेच परत करतो, फक्त हे छोटं अॅप घ्या." एनीडेस्कसारखं अॅप घेतलं की आपल्या फोनचा पडदा त्याला तिकडं दिसतो, येणारा ओटीपीसुद्धा. सहाशेची साडी राहते बाजूला, खातं रिकामं होतं. नंबर घ्यायचा तो ज्या अॅपवरून माल मागवला त्या अॅपच्या मदतीच्या पानावरून, किंवा बिलावरून. तिथं दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

ओटीपीबद्दल थोडं. "ओटीपी कुणालाही देऊ नका" असं सगळे सांगतात, आणि मग पार्सलवालाच ओटीपी मागतो! काही कंपन्या माल हाती देताना खरंच ओटीपी विचारतात. मग करायचं काय? मेसेज पूर्ण वाचायचा. ओटीपी कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. डिलिव्हरीचा असेल आणि माल हातात आला असेल, तर द्यायला हरकत नाही. मेसेज बँकेकडून आला असेल, त्यात रक्कम लिहिली असेल, तर तो कुणालाच नाही, देव खाली उतरला तरी नाही. "तुमच्या नावानं चुकून ऑर्डर पडली आहे, रद्द करायला ओटीपी सांगा," हेही थोतांड. न केलेली ऑर्डर रद्द करायला आपला ओटीपी कशाला?

व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका येते, पीएम किसानचा फॉर्म येतो, गाडीच्या दंडाची पावती येते. फाइलच्या नावाचा शेवट एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ते अॅप आहे. उघडलं की आपले मेसेज दुसरीकडे जाऊ लागतात. ओळखीच्या माणसाकडून आलं तरी उघडू नका, त्याचा फोन आधीच बाधलेला असू शकतो. फोन करून विचारा, "लग्न कुणाचं रे?"

आणि कुणी म्हणालं की तुझं खातं महिनाभर वापरू दे, पैसे येतील-जातील, तुला दोन हजार देतो, तर सरळ नाही म्हणा. दुसऱ्या बायांचे चोरलेले पैसे त्या खात्यातून फिरतात, खातं गोठतं, आणि पोलीस खातेदारणीच्या दारात येतात.

इतकं सगळं सांभाळूनही पैसे जातात. गेले तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावायचा. आधी नवऱ्याला सांगू की दिराला, कोण काय म्हणेल, या विचारात जो तास जातो तोच चोराचा. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले तिथं, आणि पुढं सरकले असतील तर त्या पुढच्या खात्यात, रक्कम थांबवायचा प्रयत्न होतो. पैसे एटीएममधून बाहेर पडले की मग थांबवायला काही उरत नाही. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ, समोरच्याचा नंबर आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवा. तो अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मेसेज, फोटो, काहीही पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि पोलीस ठाणं कुठलंही चालतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

मग बँक. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुणी घुसून पैसे काढले, आणि आपण कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर आपल्यावर तोटा येत नाही. चार ते सात दिवस लावले तर काही भाग आपल्यावर येतो. आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे उशीर केला की प्रत्येक तासाला आपलीच जबाबदारी वाढते.

बाया सांगत नाहीत, कारण फोन काढून घेतला जाईल ही भीती असते. "तुला कुणी सांगितलं होतं मोबाईलवर व्यवहार करायला?" हे वाक्य चोराच्या फार कामाचं आहे. शिकलेले, साहेब, डॉक्टरसुद्धा फसतात. खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर येऊन "डिजिटल अटक" झाली म्हणतात, आणि निवृत्त अधिकारी दोन-दोन दिवस फोनसमोर बसून राहतात. कायद्यात अशी अटकच नाही. तेव्हा गटात जिचे पैसे गेले तिला बैठकीत उभं करून जाब विचारणार असाल, तर पुढची बाई तोंड उघडणार नाही.

त्यापेक्षा पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये लिहा. मोठी ऑर्डर आली की सचिव एकटी बोलणार नाही, अध्यक्षा किंवा कोषाध्यक्षा जवळ बसेल आणि फोन स्पीकरवर असेल. निम्मे पैसे गटाच्या खात्यात दिसल्याशिवाय डाळ भिजणार नाही. फोनवरच्या व्यवहारासाठी वेगळं छोटं खातं ठेवता आलं तर ठेवा, त्यात चार-पाच हजारच असू द्या. बचतीचं आणि कर्जाचं खातं मोबाईलला जोडूच नका.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी अजून एक फोन येऊ शकतो. "मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला दोन हजार भरा." पैसे परत मिळायला वेळ लागतो, कागद लागतात, कधी कोर्टाचा आदेश लागतो. फी मात्र कुणी फोनवर मागत नाही. असा फोन आला की त्याचा नंबर लिहून घ्या आणि आपल्या तक्रारीच्या क्रमांकासह ठाण्यात नेऊन द्या.